ब्रेक बसवायला कन्हानपर्यंत

लग्नाच्या पंगतीत डॉक्टर सापडला की लोक त्याला जीभ काढून दाखवतात. मी सापडलो की गाडीची किल्ली दाखवतात. "सुधाकरराव, ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं हो. मेकॅनिक म्हणतो डिस्क बदला. कंपनीची टाकू, की बाहेरची चालेल? की ती भोकंवाली घेऊ?" हा प्रश्न मला जिलबी वाढली जात असताना विचारला गेला आहे, बारशाला विचारला गेला आहे, आणि एकदा तर घाटावर, पलीकडे सरण पेटलेलं असताना, एका गृहस्थांनी डोळे पुसत पुसत विचारला होता. मी त्यांनाही उत्तर दिलं. धंद्याची खोड जात नाही.

गॅरेज बंद करून आता काही वर्षं झाली, तरी कोणी विचारलं की बरं वाटतं. आपण अजून कामाचे आहोत असं वाटतं. पण उत्तर देता देता शेवटी मी म्हणतो, "अन् बसवल्यावर एकदा कन्हानपर्यंत जाऊन या," आणि तिथे माझा आवाज बदलतो. समोरच्याला ते कळत नाही. मला कळतं. कन्हानपर्यंत जाणं हे आमच्या धंद्यातलं अर्धं काम होतं आणि माझ्या आयुष्यातलं अर्ध्याहून जास्त सुख. ते आता उरलेलं नाही.

ज्यांना गाडीतलं फक्त हॉर्न वाजवणं ठाऊक आहे त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. पुढच्या चाकाच्या आत बिडाची एक जाड तबकडी असते. तीच डिस्क. चाकासोबत ती फिरते. तुम्ही ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी पॅड येऊन तिला चिमटीत धरतात, आणि गाडी थांबते. एवढीच सगळी विद्या आहे. पण त्या चिमटीत किती उष्णता तयार होते हे उतारावरून भरलेली गाडी आणणाऱ्याला विचारा. डिस्क झिजते, तापून तिची जाडी इकडे कमी तिकडे जास्त होते, आणि मग ब्रेकवर ठेवलेल्या पायाखाली पेडल धक्के मारायला लागतं. तेव्हा ती बदलावी लागते. गाडीच्या कंपनीची घेतली तर डोळे मिटून घ्यावी. बाहेरची घेतली तर डोळे, कान, हात सगळं उघडं ठेवून घ्यावी. बाहेरचा माल वाईट असतो असं नाही. त्यात चांगलं आणि वाईट एकाच रंगाच्या खोक्यात येतं, एवढीच अडचण असते.

आमचं गॅरेज नागपुरात कामठी रोडवर होतं, जरीपटक्याकडे वळतात त्याच्या जरा पुढे. आम्ही म्हणजे मी आणि केशव. दोघेही आधी एका मोठ्या वर्कशॉपात होतो, तिथून एकत्रच बाहेर पडलो. आम्ही फक्त ब्रेकचं काम घ्यायचो. इंजिनाचा आवाज येतो म्हणून कोणी आलं की त्याला शेजारी पाठवायचो. लोक हसायचे. "बाकीची गाडी काय सावत्र आहे का?" म्हणायचे. केशव म्हणायचा, "गाडी चालली नाही तर मानूस घरी ऱ्हायते. थांबली नाही तर कुठं जाईन, काही सांगता येते का?"

कामाची वाटणी पहिल्या दिवसापासून ठरलेली होती. माल मी निवडायचा आणि केशवनं बसवायचा. डिस्क निवडायची माझी रीत अशी: आधी हातात घेऊन वजन बघायचं. हलकी असेल तर बिडात कंजुषी केलेली आहे असं समजावं. मग डिस्कच्या दोन थरांच्या मधल्या पोकळीत बोट घालायचं. तिथे हवा खेळायला पंख असतात, ते साफ आहेत की ओतकामाचा कचरा तसाच राहिला आहे ते बघायचं. मग तिला बोटावर टांगायची आणि पान्यानं हलकेच मारायचं. चांगली डिस्क देवळातल्या लहान घंटेसारखी वाजते आणि नाद थोडा वेळ टिकतो. आत कुठे तडा असेल तर मडक्यासारखी बद्द बोलते. दुकानदार माझ्यावर वैतागायचे. चार घरचे, म्हणजे चार कारखान्यांचे, चार माल टांगून मी टणटण करत उभा राहिलो की बाकीची गिऱ्हाइकं मागे खोळंबायची. "काकाजी, आरती झाली का?" असं मला विचारलं जायचं.

केशवचं काम मात्र माझ्याहून अवघड होतं. बसवण्याचं म्हणत नाही, ते कोणीही शिकतं. हबवरचा, म्हणजे डिस्क जिथे टेकते त्या बैठकीवरचा, गंज घासून काढायचा, नव्या डिस्कवरचं तेल पुसायचं, नट एकाआड एक आवळायचे, दोन्ही चाकांना एकाच जोडीची डिस्क लावायची. अवघड होतं ते त्याच्या पुढचं. नवी चप्पल जशी चार दिवस चावते, तसा नवा ब्रेकही आधी अंगचा होत नाही. डिस्क आणि पॅड एकमेकांवर बसावे लागतात. त्यासाठी गाडी वेगात न्यायची, ब्रेक दाबून वेग उतरवायचा, पण पूर्ण थांबायचं नाही. सोडायचं, वारा लागू द्यायचा, पुन्हा दाबायचं. तापलेल्या ब्रेकवर पाय रोवून सिग्नलला उभे राहिलात की पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. म्हणून असा रस्ता हवा, जिथे थांबावं लागत नाही. तेव्हा आमच्या दारातून निघणारा रस्ता तसाच होता. कामठी मागे टाकायची, कन्हान नदीच्या पुलाजवळ जायचं, चहा प्यायचा, परत यायचं. आम्ही त्याला फेरी म्हणायचो.

फेरीचे नियम केशवचे होते. गाडी तो चालवणार. डावीकडे मी बसणार. गाडीचा मालक मागे बसणार, कारण ज्याच्या गाडीचा ब्रेक आहे त्यानं तो बघितलाच पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे केशव अनवाणी चालवणार. बसायच्या आधी तो चपला काढायचा, सीटखाली सरकवायचा आणि उजवा तळवा पेडलवर असा टेकवायचा, जसा वैद्य नाडीवर बोट ठेवतो. मग त्याचं बोलणं बंद व्हायचं. जरा वेळानं मी विचारायचो, "काय म्हणते?" आणि तो सांगायचा. "डावी थोडी उशिरा पकडून राहिली." "हबले गंज राहिला वाटते, चाक उतरवा लागन." सगळं बरोबर असलं की एकच शब्द म्हणायचा: "लोणी." लोणी म्हटल्याशिवाय गाडी मालकाच्या हातात जात नसे. डायल गेज आमच्याकडे होता. केसाएवढा फरक दाखवणारं ते काट्याचं यंत्र कपाटात होतं आणि वर्षातून एकदा, दसऱ्याला, त्याला फूल वाहायला आम्ही बाहेर काढायचो. केशवच्या अंगठ्यापेक्षा तो काही जास्त सांगत नव्हता.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. जरीपटक्याचा एक कापडवाला होता. त्याला भोकंवाली डिस्क हवी होती, आणि तिला चिमटीत धरणारा कॅलिपर लाल रंगवून. भोकं रेसच्या गाड्यांसाठी असतात. घरच्या गाडीला त्यांचा उपयोग कमी, आणि फार तापली तर भोकाच्या कडेनं तडे जातात. केशवनं त्याला समजावलं, "भाऊ, ही चाळणी कशाले पाहिजे? रवा चाळाचा हाय का?" तो म्हणाला, "भैया, सिग्नलपे दिखनी चाहिए ना." आम्ही नाइलाजानं बसवली आणि आता ही लवकरच परत येणार अशी पैज लावून बसलो. ती कधीच परत आली नाही. गडी गाडी इतकी हळू चालवायचा, की ब्रेकला काम पडतच नव्हतं. लोकांनी बघावं म्हणून गाडी काढायची आणि बघून झालं की घरी ठेवायची. आमच्या हातून बसलेल्या सगळ्या डिस्कांमध्ये सगळ्यात जास्त टिकली ती हीच. तेव्हापासून मी कोणाला अमुक डिस्क वाईट असं ठोकून सांगत नाही. आधी विचारतो, तुम्ही गाडी चालवता कशी?

दुसरे एक साहेब होते, कामठीच्या छावणीजवळ राहणारे, फार टापटिपीचे. त्यांच्या डिस्का वारंवार वाकड्या व्हायच्या. आम्ही घर बदलून माल आणला, तरी तेच. मी पुरवठादाराशी भांडलो. शेवटी केशव एकदा चहाच्या निमित्तानं त्यांच्याकडे गेला, आणि साहेब बाहेरून येऊन गाडी अंगणात उभी करताक्षणी पाइप घेऊन चाकं धुताना त्याला दिसले. मे महिन्यात. केशव म्हणाला, "साहेब, तुम्ही तापल्या तव्यावर पाणी टाकून राहिले." साहेबांनी पाइप ठेवला, आणि नंतर कित्येक वर्षं दिवाळीला आम्हाला चिवडा पाठवला. एकूण काय, डिस्क वाकडी झाली की आधी मालाला दोष द्यायचा ही आमच्या धंद्यातली जुनी सवय. तो दोष कधी मालकात निघतो, कधी रस्त्यात. आणखी कुठे निघू शकतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

मग एका उन्हाळ्यात एका मागोमाग एक गाड्या परत यायला लागल्या. फेरीवर केशवनं 'लोणी' म्हटलेल्या गाड्या. मालक म्हणायचे, मोठ्या रस्त्यावर वेगात ब्रेक दाबला की पायाखाली थरथरतं. पहिल्या गाडीला मी डिस्क बदलून दिली. दुसरी आली तेव्हा त्या घरचा माल घेणंच बंद केलं. नव्या घरच्या मालाची गाडी परत आली तेव्हा मात्र केशव माझ्यावर उखडला.

"तुह्या कानाले आता ऐकू येऊन नाही राहिलं, सुधाकर. मडकं वाजते अन् तुले घंटा वाटते."

मला ते खरं वाटलं. केशवचा पाय चुकेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. सूर्य पश्चिमेला उगवला असेल का, अशी शंका कोणी घेतं का? मी आपला कानाच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी एका पेटीसारख्या खोलीत बसवून कानात बारीक बारीक आवाज सोडले आणि म्हणाले, "तुमच्या वयाच्या मानानं कान उत्तम आहेत." तरी माझी खात्री पटली नाही. घरी येऊन मी बायकोची पितळी परात टांगून पान्यानं मारून बघितली. बायको म्हणाली, "काहो, डोक्यावर परिणाम झाला का?" मी म्हटलं, ऐक, ही कशी वाजते सांग. ती म्हणाली, परातीसारखी. असे मी आणि केशव दोन शहाणे. ज्याचा कान शाबूत होता तो कान तपासत फिरत होता.

मग नवतपा सुरू झाला. मे महिन्याच्या शेवटी ते जे नऊ दिवस सूर्य नागपूरवर डोळा वटारून बसतो, त्यांना आम्ही नवतपा म्हणतो. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं, म्हणून फेरीला ते दिवस उत्तम. एका शाळेतल्या बाईंची गाडी होती. त्या डोक्याला दुपट्टा गुंडाळून मागे बसल्या. डॅशबोर्डवर त्यांचा मान डोलावणारा छोटा हत्ती होता, स्प्रिंगच्या मानेचा. कामठीच्या पुढे केशवनं वेग घेतला आणि ब्रेक दाबला. हत्तीनं मान डोलावली. ते बरोबर, ब्रेकनं तो डोलणारच. पण डोलण्याच्या आत एक बारीक, भरभर थरथर होती. ती माझ्या सीटमधून, माझ्या मांडीपर्यंत आली. दुसऱ्यांदा दाबला. पुन्हा तीच थरथर. मी केशवच्या तोंडाकडे बघितलं. तिथे काही नव्हतं.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"एकदम लोणी," केशव म्हणाला.

मी पुन्हा हत्तीकडे बघत राहिलो. मागे बाई होत्या. पुलाजवळच्या आमच्या नेहमीच्या टपरीपाशी गाडी लागली, आम्ही उतरलो. टपरीवाला आमचे आलूबोंडे न सांगताच कढईत सोडायचा. केशव गाडीच्या नाकाला वळसा घालून टपरीपर्यंत आला, चहाचा ग्लास घेतला आणि रस्त्याच्या कडेला उभा राहून पुलाकडे बघत पिऊ लागला. तेव्हा बाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "अहो, ते अनवाणी उभे आहेत."

मी खाली बघितलं. डाव्या पायात चप्पल होती. उजवा पाय उघडा होता, आणि डांबरावर होता. त्या डांबरावर, ज्याच्यावर दुपारी पाणी सांडलं तर वाफ होते. केशव आरामात चहा पीत होता. फुंकर मारून, घोट घोट.

"केशव," मी म्हटलं, "चप्पल कुठं हाय तुही?"

त्यानं खाली बघितलं. आपल्या पायाकडे त्यानं असं बघितलं, जसं कोणी दुसऱ्याच्या पायाकडे बघावं. "अरे," तो म्हणाला, "एक सीटखालीच राहिली वाटते." आणि घाई न करता, त्याच पायानं, गाडीकडे चालत गेला.

परत येताना गाडी मी चालवली. केशवनं किल्ली मागितली नाही, यावरूनच मला सगळं कळलं. बाईंना मी त्यांच्या घरी सोडलं, ब्रेकचं काम अजून बाकी आहे म्हणून सांगितलं, आणि गाडी गॅरेजात आणून कूलरसमोर केशवला बसवलं. तळव्याला फोड आले होते. अंगठ्याच्या मुळाशी चामडी पांढरी पडली होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"होळीपासून असन. आधी मुंग्या येत होत्या. मंग त्याही गेल्या."

"मले सांगतलं काहून नाही?"

त्यानं पाय कूलरच्या आणखी जवळ सरकवला. मग म्हणाला, "सांगतलं असतं तर तू मले पेडलवर बसू दिलं असतं का, गा?"

उत्तर त्याला आणि मला दोघांनाही माहीत होतं. होळीपासून हा माणूस पायाला काहीच लागत नसताना रस्ताभर पेडल दाबत होता, आणि माझ्या 'काय म्हणते?'ला मनानं उत्तर देत होता. गाडी थांबवण्याइतकं त्याला पायाच्या वजनावरून जमत होतं. पण पेडल जे बोलायचं ते ऐकू येणं बंद झालं होतं. त्यानं गिऱ्हाइकाला फसवलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. तो वाट बघत होता. आज नाही तर उद्या पेडल पुन्हा बोलेल, याची.

केशवच्या रक्तात साखर होती, आणि बरीच वर्षं असावी. डांबरावरचे फोड साधे होते, तुमचेआमचे आठवड्यात बरे झाले असते. केशवची जखम मात्र भरेना. त्याची बायको, मंदावहिनी, रोज ड्रेसिंगला न्यायच्या. पावसाळा गेला, दसऱ्याला डायल गेजला फूल वाहायला केशव आला नाही. शेवटी उजव्या पायाचा अंगठा काढावा लागला. दवाखान्यात मी भेटायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "नेमका तोच घेऊन गेले." मग आम्ही दोघांनी भिंतीकडे तोंड करून नाकं शिंकरली.

त्यानंतर काही दिवस तो गॅरेजात खुर्ची टाकून बसायचा. मी गेज कपाटातून बाहेर काढला आणि त्याच्यावर काम सुरू केलं. गेज खोटं बोलत नाही, हे मान्य. त्यानं कधी गाडी परत येऊ दिली नाही. पण गेजबरोबर चहा पिता येत नाही. मी 'काय म्हणते?' विचारायचो तर काटा हलायचा, बस. केशव खुर्चीतून त्या काट्याकडे बघायचा आणि एक दिवस यायचाच बंद झाला. पुढे कामठी रोडवर मेट्रोचे खांब उभे राहिले, वर पूल आला, खाली सिग्नल आले. फेरीला लागायचा तो मोकळा रस्ताही गेला. मी आणखी काही वर्षं रेटलं आणि शटर ओढलं. लोक म्हणतात, आता आराम करा. आराम करतोच आहे. पण दुपारी ऊन चढलं की माझं अंग डाव्या सीटवर बसायला बघतं, हे कोणाला सांगायचं?

यंदाच्या नवतप्यात केशवचा फोन आला. "सुधाकर, माह्या गाडीच्या डिस्का बदलून दे."

केशवची गाडी म्हणजे एक जुनी पांढरी छोटी गाडी, कामठीला त्याच्या घरासमोर कडुनिंबाखाली उभी. वर्षानुवर्षं हललेली नाही. मी गेलो तर मंदावहिनीच म्हणाल्या, "भाऊजी, गाडी तं विकली. रविवारी तो मानूस न्यायले येऊन राहिला. आता काहाले डिस्का? तुम्हीच सांगा त्यायले."

केशव आतून म्हणाला, "थरथरत्या ब्रेकची गाडी माह्या दारातून जानार नाही." आणि मग, जरा हळू, "फेरी मारू, गा. एक."

मी डिस्क आणायला बाजारात गेलो. आता सगळं खोक्यात बंद येतं, वर प्लास्टिक. दुकानातला तरतरीत माणूस मोबाइल पुढे करून म्हणाला, "काका, रेटिंग बघा ना." मी म्हटलं, मला वाजवून बघायची आहे. त्यानं हसून प्लास्टिक फाडून दिलं, भला माणूस. भोकांची होती, खाचा पाडलेली होती. खाचांची घाटात बरी, कारण पॅडखालचा धूर आणि भुकटी तिथून निघून जाते, पण शहरात ती गुरगुरते. मी साधीच निवडली. वजनाला भरदार, पंख साफ, कडेला गंज धरू नये म्हणून राखाडी लेप दिलेली. विकलेल्या गाडीसाठी गंज न धरणारी डिस्क. बोटावर टांगली, पान्यानं मारली. घंटा वाजली. नाद विरेपर्यंत दुकानदारही थांबला, हे मला आवडलं. पंगतीत मला विचारणाऱ्यांनो, तुम्हीही अशीच घ्या. साधी, जड, वाजणारी.

बॅटरी चार्ज केली, टायरात हवा भरली, हब घासले, डिस्का आणि पॅड बसवले, नट एकाआड एक आवळले. केशव खुर्चीतून बघत होता आणि प्रत्येक नटाला मान हलवत होता. मग तो डावीकडे बसला, माझ्या जागेवर. त्याच्या उजव्या पायात तो दवाखान्याचा जाड बूट होता. मी स्टिअरिंगवर बसलो आणि माझ्या चपला काढून सीटखाली सरकवल्या. त्यानं ते बघितलं.

कामठीच्या पुढे रस्ता अजून मोकळा आहे. मी वेग घेतला आणि अनवाणी पायानं ब्रेक दाबला. सोडला. वारा लागू दिला. पुन्हा दाबला.

"काय म्हणते?" केशवनं विचारलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यानं पहिल्यांदा विचारला होता.

"लोणी," मी म्हटलं.

"लोणी-बिणी नको सांगू. नीट सांग. कसं लागते पायाले?"

मी पुन्हा दाबला आणि सांगायला लागलो. पेडल आधी गार लागतं, गुळगुळीत. मग थोडं खाली जातं आणि तिथे काहीतरी भेटतं, मऊ नाही, टणकही नाही, भिजवलेल्या कणकेसारखं. मग त्याच्या मागून एक बारीक गुणगुण येते, अंगठ्याच्या मुळाशी, मांजर मांडीवर घुरघुरतं तशी. केशवनं डोळे मिटले होते. "हौ," तो म्हणत होता. "हौ. अजून सांग."

पुलाजवळची ती टपरी आता नाही, पण त्याच जागी दुसरी आहे. मी गाडी कडेला घेतली. केशवला उतरायला त्रास नको म्हणून चहा त्याला सीटवरच द्यावा असं मनात धरून मी घाईनं दार उघडलं आणि उतरलो, आणि तसाच केकाटत उडी मारली. चपला सीटखालीच राहिल्या होत्या. केशव खो खो हसायला लागला. इतका, की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"पोळलं का बे?"

"पोळलं ना! नवतपा हाय."

त्याचं हसू हळूहळू कमी झालं. माझ्या बाजूला वाकून त्यानं उघड्या दारातून माझ्या पायांकडे बघितलं.

"कुठं लागलं पयलं? टाचेले का बोटायले?"

चपला हाताच्या अंतरावर होत्या. मी त्या घेतल्या नाहीत.

"अंगठ्याले," मी म्हणालो, आणि त्या डांबरावर उभा राहून, कसं पोळतं ते त्याला सांगत राहिलो.